बंद पाकिटातले खेळ मी खेळत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत 'गीक' मंडळींच्या छंदांवर पानभर मजकूर आला. कॉमिक्स, अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशनपट), बोर्डगेम, विज्ञानकथा या सगळ्यांची मराठी दैनिकानं इतकी मोकळेपणानं दखल घेतली, याचा मनापासून आनंद झाला. पण खालच्या चौकटीत एक यादी होती. यातलं काय काय केलंत त्यावर खूण करा, जितक्या खुणा जास्त तितका चाहता पक्का, असं तिथे म्हटलं होतं. त्या यादीत पत्त्यांची बंद पाकिटं जमवणं होतं आणि मोबाइलवरचे गाचा खेळही होते, म्हणजे पैसे देऊन नशिबानं पात्रं मिळवायचे खेळ. या दोन्हींपासून मी ठरवून लांब राहते. खेळांवर प्रेम आहे म्हणूनच राहते. त्याबद्दल लिहावंसं वाटलं.

मी ठाण्यात माध्यमिक शाळेत गणित शिकवते. शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी बोर्डगेमचा डाव बसतो. शेजारी, जुने विद्यार्थी, कधी त्यांचे आईवडीलही येतात. आमच्यातल्या प्रत्येकाचं काही ना काही वर्ज्य आहे. एक जण मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचण्यात बुडालेला असतो, पण जी मालिका पूर्ण झालेली नाही तिला हात लावत नाही. एकीला भयकथांचे खेळ चालत नाहीत, रात्री झोप लागत नाही म्हणते. एक डॉक्टर आहे, तो ऑनलाइन चमूत खेळायचे खेळ घेतच नाही, कारण मध्येच रुग्णालयातून फोन आला तर बाकीच्यांचा डाव मोडतो. यांच्यापैकी कुणाच्या आवडीबद्दल शंका घ्यावी असं मला कधी वाटलं नाही. काय सोडायचं हे ज्याला कळतं, त्यानं त्या छंदात बराच वेळ घालवलेला असतो.

माझं वर्ज्य बंद पाकिटांचं. आत काय आहे ते कळायच्या आधी पैसे द्यायचे, असं जिथे असेल तिथे मी जात नाही.

हा प्रकार पत्त्यांच्या खेळांत रुजला तो 1993 साली. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञानं 'मॅजिक: द गॅदरिंग' तयार केला. खेळ म्हणून तो फार सुंदर आहे, हे आधी सांगते. प्रत्येक पत्ता नियमाला नवा फाटा फोडतो आणि दोन पत्ते एकत्र आले की तिसरंच काही घडतं. पण त्याच्या बूस्टर, म्हणजे जास्तीच्या पत्त्यांच्या, पाकिटात 15 पत्ते यायचे, बहुतेक सामान्य आणि एखादाच दुर्मीळ, आणि कोणता ते फोडल्याशिवाय कळायचं नाही. ड्राफ्ट नावाचा त्याचा एक प्रकार आहे. सगळे गोल बसतात, आपापलं पाकीट फोडतात, एक पत्ता ठेवून बाकीचे शेजाऱ्याकडे सरकवतात. तिथे न कळणं हाच खेळ असतो, म्हणून त्या प्रकाराबद्दल माझी तक्रार नाही. 1996 मध्ये जपानमध्ये पोकेमॉनचे पत्ते आले आणि हीच पद्धत लहान मुलांच्या हातात गेली.

आमच्या इमारतीच्या जिन्यात सुट्टीच्या दिवसांत मुलं ही पाकिटं फोडत बसतात. वरची कड दातांनी फाडायची, गठ्ठा उलटा धरायचा, अंगठ्यानं पत्ते सरकवत थेट चमकणाऱ्या पत्त्यापर्यंत जायचं. तो हवा तसा निघाला तर आरडाओरडा, नाही तर पुढचं पाकीट. उरलेले पत्ते पायरीवर तसेच पडतात. ते गोळा करून मी मुलांना विचारलं, "यातला हा पत्ता काय करतो रे?" कुणालाच सांगता आलं नाही. पत्त्यावर बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं: एवढी ऊर्जा खर्च करा, एवढं नुकसान करा, नाणं उडवा. एकानंही ते वाचलेलं नव्हतं. त्याची किंमत किती येईल, हे मात्र चौथीतल्या मुलाला तोंडपाठ होतं. खेळ तयार करणाऱ्यानं ज्या ओळींवर जीव ओतला, त्या न वाचताच पायाखाली जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

मोबाइलवर तर पाकीटही उरत नाही. जपानमध्ये दुकानांबाहेर यंत्रं असतात, नाणं टाकून मूठ फिरवली की गोळ्यातून खेळणं पडतं. त्यांवरूनच गाचा खेळ निघाले. 2020 साली आलेल्या 'गेन्शिन इम्पॅक्ट'मध्ये वरच्या दर्जाचं पात्र मिळण्याची मूळ शक्यता 0.6 टक्के आहे आणि नव्वदाव्या वेळेपर्यंत ते हमखास मिळतं. हे आकडे खेळातच दिलेले असतात, लपवलेले नसतात. पण 0.6 टक्के म्हणजे काय ते मुलांना कळत नाही, म्हणून मी वर्गात गणित मांडून दाखवते. शंभर मुलांनी प्रत्येकी 50 वेळा नशीब आजमावलं, तर साधारण 74 मुलांच्या हाती ते पात्र लागत नाही. दुसरं उदाहरण संचाचं. एका संचात 12 बाहुल्या आहेत, प्रत्येक खोक्यात त्यांतली कोणतीही निघण्याची शक्यता सारखी आहे आणि अदलाबदल करायची नाही, तर सगळ्या जमायला सरासरी 37 खोकी लागतात. शेवटच्या एकट्या बाहुलीसाठीच सरासरी 12 खोकी जातात. हे उत्तर फळ्यावर आलं की वर्ग चिडीचूप होतो.

आमच्या लहानपणी किराणा दुकानात सोरटीचा पुठ्ठा टांगलेला असे. तेही नशीबच होतं, पण बक्षिसं डोळ्यांसमोर असत आणि चिठ्ठ्या संपल्या की सोरट संपे. इथे चिठ्ठ्या संपतच नाहीत.

इतर देशांत याचा विचार झाला आहे. यादृच्छिक वस्तूंचा ठरावीक संच पूर्ण केला तरच मोठं बक्षीस, या प्रकाराला 2012 साली जपानच्या ग्राहक विभागानं बेकायदा ठरवलं. 2018 मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगानं काही नामांकित व्हिडिओगेममधल्या पैसे देऊन उघडायच्या 'लूट बॉक्स'ना जुगार म्हटलं. आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, तेव्हा सगळी चर्चा पैसे जिंकायच्या खेळांभोवती फिरली. ज्यात पैसे परत मिळायचेच नसतात, फक्त चित्र मिळतं, त्या खेळांबद्दल घरोघरी बोलणं झालंच नाही.

पत्त्यांचा खेळ विकण्याचा हा एकच मार्ग आहे असंही नाही. 2008 सालचा 'डोमिनियन' घ्या. एका खोक्यात 500 पत्ते, राज्याच्या पत्त्यांचे 25 प्रकार, त्यांतले दर डावाला 10 निवडायचे. गठ्ठा जमवण्याची सगळी मजा डावाच्या आतच येते, कारण पत्ते खेळताना 'विकत' घ्यायचे असतात. टेबलावरच्या चौघांसमोर तेच ढीग असतात, जो नीट निवडेल तो जिंकतो. श्रीमंत घरातल्या मुलाला जास्तीचा एकही पत्ता मिळत नाही. गारफिल्ड यांचाच 1996 सालचा 'नेटरनर' हा खेळ आधी बंद पाकिटांतून विकला गेला. 2012 मध्ये दुसऱ्या प्रकाशकानं तो नव्यानं काढला तेव्हा प्रत्येक पुडक्यात काय आहे ते आधीच जाहीर असे. खेळाची खोली त्यानं जराही कमी झाली नाही. आमच्या शनिवारच्या टेबलावर 'डोमिनियन'च्या पत्त्यांच्या कडा आता मऊ पडल्या आहेत, आणि सातवीतली एक मुलगी मला त्यात नियमितपणे हरवते.

म्हणून विनंती अशी. या छंदांवर पुन्हा लिहाल तेव्हा प्रत्येक खेळापुढे दोन गोष्टी छापा: खोक्यात काय आहे हे घेण्याआधी कळतं का, आणि एकदा घेतल्यावर पुन्हा पुन्हा पैसे लागतात का. आईवडिलांना एवढ्या माहितीवर निर्णय घेता येईल. दुकानदारांनीही बंद पाकिटांशेजारी सुटे पत्ते आणि पूर्ण खोक्यांचे खेळ मांडावेत. आणि ती खुणांची चौकट पुन्हा द्यायचीच असेल, तर 'विचार करून सोडलं' असाही एक रकाना त्यात ठेवा. आमच्या शनिवारच्या मंडळींची नावं त्याखाली घालायला मी तयार आहे.

आपली,
एक वाचक, ठाणे