‘नुसते हाड बसवायचे’ नसते

महोदय,

दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेल्या तरुणाची बातमी बहुधा ‘शस्त्रक्रिया झाली, प्रकृती स्थिर’ इथे संपते. मेंदूच्या सुजेला जागा मिळावी म्हणून कवटीचा तुकडा काढला असेल, तर तो परत बसवण्यासाठी त्याला काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा टेबलावर जावे लागते. या दुसऱ्या शस्त्रक्रियेला, क्रॅनिओप्लास्टीला, नातेवाईक ‘नुसते हाड बसवायचे आहे’ असे म्हणतात. शस्त्रक्रियागृहात परिचारिका म्हणून आयुष्य गेल्यामुळे हे वाक्य मला नेहमी खटकत आले आहे, कारण जंतुसंसर्ग, रक्ताची गाठ, आकडी आणि डोक्यात पाणी साठणे या गोष्टी त्यानंतर विरळा नाहीत.

संसर्गाचा धोका सर्वांना सारखा नसतो. मधुमेह, धूम्रपान, खालावलेले पोषण, आधीच्या जखमेत झालेला पू, त्याच जागी पुन्हा पुन्हा केलेली शस्त्रक्रिया किंवा कपाळामागची हवेची पोकळी उघडी पडणे, यांपैकी काहीही असेल तर तो वाढतो. डोक्याची त्वचा आधीच एकदा कापलेली असते आणि तिचा रक्तपुरवठा कमी झाला असेल, तर टाक्यांची कड काळी पडून जखम उघडते. म्हणूनच घरच्यांनी विडी-सिगारेटबरोबर तंबाखू आणि मिश्रीही डॉक्टरांना सांगावी. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि ‘मिश्री म्हणजे काही व्यसन नव्हे’ हे आपण स्वतःलाच पटवलेले असते.

काढलेले हाड आपल्याकडे अनेकदा रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवतात, कारण उणे ७० ते ८० अंशांचा फ्रीजर सगळीकडे नसतो. आपलेच हाड सर्वांत सुरक्षित, असे मानणे स्वाभाविक आहे. परंतु परत बसवलेले हाड, विशेषतः मुलांमध्ये किंवा त्याचे तुकडे झालेले असतील तर, हळूहळू विरघळू शकते. हाडाऐवजी बसवलेली टायटॅनियम धातूची प्लेट विरघळत नाही, पण पातळ त्वचेतून ती बाहेर डोकावू शकते. हाडाच्या जागी वापरतात त्या प्लास्टिकसारख्या बोन सिमेंटलाही संसर्ग होतो. एकदा आत पू झाला की बसवलेले हाड किंवा प्लेट बहुतेक वेळा काढावीच लागते आणि रुग्ण पुन्हा काही महिने कवटीतला खड्डा घेऊन जगतो.

शस्त्रक्रिया केव्हा करावी, याबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत. मेंदूची सूज किंवा जुना संसर्ग असताना घाई करता येत नाही, तर फार काळ थांबल्यास त्वचा आत खचून मेंदूच्या आवरणाला चिकटते. तारीख पुढे गेली की नातेवाईक चिडतात; वाढलेल्या साखरेमुळे ती पुढे गेली असेल, तर चिडण्याचे कारण नाही.

माझी मागणी एवढीच आहे, की पहिल्या शस्त्रक्रियेनंतर घरी सोडतानाच डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून द्यावे: हाड कुठे ठेवले आहे, खड्ड्याच्या बाजूला मार लागू नये म्हणून काय करावे आणि साखर किती असावी. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतरच्या कार्डावर धोक्याच्या खुणाही हव्यात, म्हणजे टाक्यांतून पाणी येणे, ताप, लाली किंवा वाढती सूज. हा संसर्ग कधी कधी कित्येक महिन्यांनीही डोके वर काढतो. मी पाहिलेल्या एका रुग्णाच्या घरच्यांनी टाक्यांतून झिरपणाऱ्या पाण्यावर आठवडाभर हळद लावली होती. त्यांच्या कार्डावर फक्त गोळ्यांची नावे होती, तीही इंग्रजीत.

– एक निवृत्त परिचारिका, सांगली