ऐन पावसाळ्यात बदली कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या कोल्हापूरच्या बातमीदारांचा निरोपाचा लेख काल वाचला. मुंबईत बढतीवर चालले आहेत, त्याबद्दल त्यांचे मनापासून अभिनंदन. पण वाईट वाटले आणि रागही आला. रंकाळा, तालमी, खासबागेतल्या कुस्त्या, मिसळ सगळे लेखात आले. ऑगस्ट २०१९ चा महापूर मात्र एका ओळीत उरकला. लेख तुम्ही कापलात की त्यांनीच हात आखडता घेतला?

पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात; ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. त्या वर्षी पंचगंगा ५५ फुटांवर गेली. आम्ही नऊ माणसे माळ्यावर, दावी कापून सोडलेली जनावरे पाण्यात. वीज गेलेली, मोबाईल अखेरच्या घटका मोजत होता. तेव्हा याच बातमीदारांना फोन लावला. ते म्हणाले, "काका, दर दोन तासांनी पाच मिनिटंच फोन चालू ठेवा, मी करतो." आणि रात्रभर त्यांनी केला. पाणी किती फुटांवर आहे, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडे आहेत, बोट कुठवर आली आहे, हेच सांगायचे. उगाच धीर देत बसले नाहीत. सकाळी बोटीतून उतरलो तर काठावर भिजत उभे, मागे कोण कोण राहिले ते वहीत टिपून घेत होते. गळ्यात कॅमेरा होता, पण गारठलेल्या माझ्या ८४ वर्षांच्या आईचा फोटो त्यांनी काढला नाही.

अशा माणसाला तुम्ही जुलैत हलवता? बदली करायचीच होती तर दिवाळीनंतर करायची. रेडेडोह फुटला, म्हणजे त्या जागी पुराचे पाणी नदीबाहेर पडले, की पन्हाळा रस्ता बंद आणि चिखली-आंबेवाडीकरांनी लगेच गाव सोडायचे, हे नव्या माणसाला पहिल्याच पावसात कोण सांगणार? त्यांच्या जागी कोण येणार, हेही तुम्ही छापलेले नाही.

आणखी एक. धरणांच्या पाणीसाठ्याची रोजची चौकट तुम्ही पहिल्या पानावरून आत नेली, तीही शब्दकोड्याखाली. आमच्या गावात पावसाळ्यात पेपर घेतात तो त्या चौकटीसाठी. ती परत पहिल्या पानावर आणा.

नवे बातमीदार रुजू झाले की त्यांना आधी प्रयाग चिखलीला पाठवा. १९८९, २००५, २०१९, २०२१, चारही वर्षी पाणी कुठवर आले ते आमच्या भिंतीवर खिळ्याने कोरून ठेवले आहे. मी घरीच असतो.

आपला,
एक वाचक, प्रयाग चिखली (ता. करवीर)