यॉर्क मागे सरकला, ती घसरण कशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या क्रीडा पुरवणीत ड्वाइट यॉर्कवर आलेला लेख वाचला. वेस्ट इंडीज म्हटले की आपल्याकडे गाडी क्रिकेटच्या पुढे जात नाही. तिथल्या फुटबॉलपटूला अर्धे पान मिळाले याबद्दल आधी आभार. पण लेखातल्या दोन गोष्टी खटकल्या. यॉर्कला सरसकट 'त्रिनिदादचा' म्हटले आहे, आणि मँचेस्टर युनायटेडनंतरची त्याची सगळी वर्षे 'घसरण' या एका शब्दात गुंडाळली आहेत.

पहिली चूक लहान, पण टोबॅगोच्या माणसाला त्रिनिदादचा म्हणणे म्हणजे मालवणच्या माणसाला मुंबईकर म्हणण्यासारखे आहे. देश एक, बेटे दोन. यॉर्क टोबॅगोतल्या कनान गावचा, जन्म ३ नोव्हेंबर १९७१. (त्याच वर्षी मार्चमध्ये वाडेकरांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी जिंकली होती, त्यामुळे मराठी वाचकाला ते साल वेगळे सांगायला नको.) भाऊ क्लिंट त्रिनिदाद-टोबॅगोकडून प्रथम श्रेणी क्रिकेट खेळला. टोबॅगोत बॅकोलेटच्या स्टेडियमला आज ड्वाइट यॉर्कचे नाव आहे.

आता 'घसरणी'कडे. यॉर्क पहिल्यापासून सेंटर फॉरवर्ड (आघाडीच्या मध्यावरचा, गोल करणारा खेळाडू) होता असे लेख गृहीत धरतो, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच होतो. १९८९ मध्ये प्रशिक्षक ग्रॅहम टेलर इंग्लंडच्या अॅस्टन व्हिला क्लबचा संघ घेऊन वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेले, तिथे त्यांनी या पोराला हेरले. व्हिलात सुरुवातीची वर्षे तो उजव्या बगलेवर खेळला. प्रशिक्षक ब्रायन लिटल यांच्या काळात, १९९५-९६ च्या मोसमात, त्याची सेंटर फॉरवर्डची जागा पक्की झाली. त्या मोसमात लीगमध्ये १७ गोल आले, आणि लीग कपच्या अंतिम सामन्यात लीड्सला ३-० हरवताना तिसरा गोल त्याचाच होता. म्हणजे चोविसाव्या वर्षी त्याने एकदा जागा बदललेली होती. पुढचा बदल हा दुसरा.

युनायटेडने ऑगस्ट १९९८ मध्ये त्याला १ कोटी २६ लाख पौंडांना घेतले. त्या मोसमात त्याचे सर्व स्पर्धांत २९ गोल, आघाडीतला जोडीदार अँडी कोलचे २४. हे आकडे लेखात आहेत, पण ही जोडी चालायची कशी ते नाही. २५ नोव्हेंबर १९९८ चा बार्सिलोनातला ३-३ चा सामना घ्या. युनायटेडच्या रॉय कीनचा पास यॉर्ककडे येतो. यॉर्क घेतल्यासारखे करतो आणि चेंडू सोडून देतो, तो मागच्या कोलकडे जातो. कोल लगेच यॉर्कला देतो, यॉर्क पहिल्याच स्पर्शात परत, आणि कोल गोल करतो. यात कुणीही पन्नास मीटर धावलेले नाही. यॉर्कने अंगाच्या हुलीने एक बॅक (बचावपटू) जागच्या जागी खिळवला आणि परतीचा पास नेमक्या वजनाचा दिला. पाठीवर बॅक घेऊन चेंडू अंगाच्या आड धरायचा, चेंडू येण्याआधीच मागे कोण आहे ते पाहून ठेवायचे आणि एका स्पर्शात मोकळे व्हायचे ही त्याची खरी पुंजी. वेग होता, पण तो वेगावर जगत नव्हता. फेब्रुवारी २००१ मध्ये आर्सेनलला ६-१ हरवताना त्याने पहिल्या २२ मिनिटांत तीन गोल मारले, तेव्हाही ही पुंजी शाबूत होती.

मग त्याची जागा गेली का? २००१ च्या उन्हाळ्यात वान निस्टेलरॉय आणि वेरॉन आले. युनायटेडचे प्रशिक्षक फर्ग्युसन बरेचदा एकच फॉरवर्ड आणि त्याच्या मागे मधल्या फळीतला स्कोल्स अशी मांडणी करू लागले. यॉर्कची कला जोडीत फुलणारी होती, आणि संघात जोडीच उरली नाही. रात्रीच्या पार्ट्यांचे किस्से लेखात रंगवून सांगितले आहेत. ते खोटे आहेत असे आमचे म्हणणे नाही, पण एका फॉरवर्डच्या मांडणीत त्याला बाकावर बसायला तेवढे कारण लागत नव्हते. पुढे ब्लॅकबर्न (तिथे पुन्हा कोल) आणि बर्मिंगहॅम. ही तीन वर्षे मात्र खरोखरच फिकी, त्याबद्दल लेखकाशी वाद नाही.

२००५ मध्ये तो ऑस्ट्रेलियाला गेला. तिथल्या ए-लीग या स्पर्धेचे ते पहिलेच वर्ष. तिथे क्लबच्या एकूण पगारखर्चाला मर्यादा होती, पण एका मार्की (खास नामवंत) खेळाडूचा पगार त्या मर्यादेबाहेर धरत. (आपल्या इंडियन सुपर लीगच्या, म्हणजे आयएसएलच्या पहिल्या वर्षी, २०१४ मध्ये, मुंबई सिटीने ल्युंगबर्गला आणले ते असेच मार्की म्हणून.) सिडनी एफसीने ती जागा यॉर्कला दिली. बहुतेक म्हातारे मार्की पुढे उभे राहून चेंडूची वाट पाहतात. प्रशिक्षक लिटबार्स्की यांनी यॉर्कला मागे ओढून मधल्या फळीत आणले.

फॉरवर्ड मागे आला की काय बदलते ते आमच्याकडे पेठांच्या सामन्यांतही दिसते. तिशीनंतर पहिली जाते ती पाच-दहा मीटरची झेप, आणि 'डी'मध्ये (गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्रात) सगळा खेळ त्याच झेपेवर असतो. मध्यभागी ती कमी लागते, कारण खेळ समोर दिसत असतो. पण मागे आलेले फॉरवर्ड ठरलेल्या चुका करतात. पास दिला की सवयीने पुढे पळतात आणि स्टॉपरांच्या (मधल्या बचावपटूंच्या) पुढ्यात भगदाड पडते. चेंडू काढून घेताना पाय उशिरा टाकतात आणि स्वतःच्या डीच्या तोंडाशी फ्री किक देतात. ड्रिब्लिंगचा मोह सुटत नाही. पुढे चेंडू गेला तर हल्ला वाया जातो, मागे गेला तर गोल खावा लागतो. यॉर्कने हे टाळले, कारण त्याची पुंजी इथे जशीच्या तशी चालली. पाठीवर माणूस घेऊन चेंडू धरणे आणि आधीच मागे पाहून ठेवणे हे मधल्या फळीतल्या चांगल्या सेंटर हाफचेही काम असते. वेगावर जगणारा फॉरवर्ड असा मागे सरकू शकत नाही. ५ मार्च २००६ च्या अंतिम सामन्यात सिडनीने सेंट्रल कोस्टला १-० हरवले. गोल कोरिकाचा, पास यॉर्कचा, आणि सामनावीराचे जो मार्स्टन पदकही यॉर्कलाच.

त्याच मोसमात देशासाठीही तेच घडले. १९ नोव्हेंबर १९८९ ला पोर्ट ऑफ स्पेनमध्ये अमेरिकेशी बरोबरी झाली असती तरी त्रिनिदाद-टोबॅगो विश्वचषकात गेले असते. अमेरिकेच्या कॅलिज्युरीने लांबून मारलेल्या एका गोलने ते हुकले. नुकता अठरा वर्षांचा झालेला यॉर्क त्या संघात होता. सोळा वर्षांनी, १६ नोव्हेंबर २००५ ला, बहरीनमध्ये तोच संघ पुन्हा विश्वचषकाच्या दारात उभा होता. पहिला सामना घरी १-१ झालेला, म्हणजे गोल करणे भागच. ४९ व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला आणि तो घ्यायला यॉर्क गेला. इंटर मिलानविरुद्ध बेकहॅमच्या क्रॉसवर हेडरने दोन गोल करणारा माणूस आता डीमध्ये नव्हता, कारण दोन मीटर उंचीचा डेनिस लॉरेन्स तिथे होता आणि त्याच्या डोक्यावर चेंडू ठेवणारा पाय संघाला हवा होता. लॉरेन्सने हेडर मारला, १-०, आणि तेरा लाख वस्तीचा देश जर्मनीला गेला.

१० जून २००६, डॉर्टमुंड. इब्राहिमोविच, लार्सन आणि ल्युंगबर्ग यांचा स्वीडन. ऐन वेळी सराव करताना गोलकीपर केल्विन जॅक दुखावला म्हणून शाका हिस्लॉप उतरला. उत्तरार्ध सुरू होताच अॅव्हरी जॉनला लाल कार्ड. प्रशिक्षक बीनहाकर यांनी अशा वेळी बॅक उतरवण्याऐवजी कॉर्नेल ग्लेन हा फॉरवर्ड उतरवला, आणि ग्लेनने आडव्या खांबावर चेंडू हाणला. (हाच ग्लेन पुढे शिलाँग लाजाँग आणि मोहन बागानकडून आपल्याकडे खेळला.) हा जुगार पेलला तो बॅकच्या पुढ्यात खुंटा रोवून बसलेल्या यॉर्कमुळे. दहा जणांनी ०-० राखले. पुढच्या सामन्यात इंग्लंडलाही ८३ व्या मिनिटापर्यंत गोल मिळाला नव्हता. गोल न करता खेळलेला हा विश्वचषक आमच्या मते यॉर्कच्या १९९९ च्या तिहेरी मुकुटाच्या (युनायटेडची लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग) शेजारी ठेवावा असा आहे.

त्यानंतर पहिले चार सामने हरलेल्या इंग्लंडच्या संडरलंडला युनायटेडमधला जुना सहकारी रॉय कीन यांनी प्रशिक्षक म्हणून हाती घेतले आणि यॉर्कला बोलावले. दुसऱ्या श्रेणीतला तो संघ त्याच मोसमात अव्वल येऊन प्रीमियर लीगमध्ये चढला. यॉर्क तिथे २००९ पर्यंत, बहुतेक मध्यभागीच खेळला. प्रीमियर लीगमधल्या त्याच्या १२३ गोलांचा बिगर-युरोपीय खेळाडूंतला विक्रम अग्वेरोने २०१७ मध्ये मागे टाकला.

प्रशिक्षक म्हणून त्याने २०२२ मध्ये मॅकार्थर क्लबला ऑस्ट्रेलिया कप मिळवून दिला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये देशाचा संघ हाती घेतला. २०२६ च्या विश्वचषकासाठी मात्र त्यांच्या गटातून कुरासाओ पुढे गेले.

लेखाशेजारच्या चौकटीत क्लबनिहाय गोल छापले आहेत. सिडनीतला कोरिकाला दिलेला पास, बहरीनमधला कॉर्नर आणि डॉर्टमुंडची ती नव्वद मिनिटे त्या चौकटीत कुठेच नाहीत. पुढच्या वेळी गोलांच्या रकान्याशेजारी 'जागा' असा एक रकाना वाढवावा, एवढी विनंती.

आपले,
फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर