पंचवीस टक्के दिव्यांग, बाकी धडधाकट

मा. मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

काल बुधवारी दिव्यांग दाखल्याच्या वैद्यकीय बोर्डाचा कागद हातात पडला. नऊ वर्षांच्या माझ्या लेकीला २५ टक्के. सवलतींना ४० लागतात. पंधरा टक्के कमी पडले म्हणून ती धडधाकट, अभिनंदन स्वीकारावे. तालुक्याच्या शिबिरात आपण माईकवर म्हणाला होतात, "एकही लेकरू दाखल्यावाचून राहणार नाही." ती माझ्या शेजारीच बसली होती.

तिच्या डोक्यात कॉर्पस कॅलोझम नाही. मेंदूचे दोन भाग जोडणारा वीसएक कोटी तंतूंचा पूल, पोटात चौथ्या-पाचव्या महिन्यात बांधला जातो, तो राहिला. मंजूर पूल राहून जाणं मराठवाड्याला नवं नाही. एमआरआयला संभाजीनगर गाठायचं म्हणून सोयाबीन पडत्या भावात घातलं. सासूबाईंचं निदान मात्र फुकट होतं : ग्रहणात मी विळी धरली. नऊ वर्षं ऐकतेय. रात्री कधी कधी मलाही खरं वाटतं.

बोर्डानं ठोकळे मांडले, चित्रं दाखवली, पाढे विचारले. पाढे तिला तीसपर्यंत पाठ. बुद्ध्यांकाचा आकडा ७० च्या वर गेला, विषय संपला. बाईंनी वर्गात "तोंडाला कुलूप लाव" म्हटलं, तर ही घरी येऊन ट्रंकेचं कुलूप काढत बसली. सहामाहीचा पेपर कोरा आला. मी ओरडले, "काय दिवे लावलेस!" म्हणाली, "मी नाही, आजीनं लावले." गुंडी लावताना एक हात दुसऱ्याची वाट बघत थांबतो. दोन कामं एकदम सांगितली की पहिलं करून उभी. हे कुठल्या ठोकळ्यात मोजलं?

टोमणा तिला कळत नाही, साहेब. आपल्याला कळतो, म्हणून लिहिते.

चार हजारांत एखादं मूल असं, डॉक्टर म्हणाले. राज्यात वर्षाला अठरा-वीस लाख बाळंतपणं धरली तर साडेचारशे पोरं झाली. हिशोब माझा आहे, चुकला तर सचिवांनी दुरुस्त करावा. २०२२ ला स्वतंत्र दिव्यांग विभाग काढलात. आमच्या तालुक्यात स्पीच थेरपीला माणूस नाही. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, झेंडा फडकतो, विकासाच्या अनुशेषावर भाषण होतं. १९८४ पासून मोजताय, अजून मोजताच आहात. बोर्डावर मेंदूचं जाणणारा एक डॉक्टर बसवा, शाळेत एक विशेष शिक्षक द्या. जास्त मागितलं का?

काल एसटीत ती विचारत होती, "एकही म्हणजे मी पण ना?" ती शब्द जसाच्या तसा धरते. तिला काय सांगू ते कळवा.

आपली,
गोदाकाठची एक आई