आबा, इथंबी आपलंच हॉक

स्विंडन, रविवारची रात्र

ती. आबा, साष्टांग नमस्कार. माय आणि अण्णांनाही नमस्कार. बंट्या, हे आबांना मोठ्यानं वाचून दाखव, मोबाईल त्यांच्या हातात देऊ नको, बारीक अक्षरानं त्यांचे डोळे दुखतात, आणि मधलं काही गाळू नको.

आबा, मी विमानांचा शो बघून आले. खरंच बघून आले. रॉयल इंटरनॅशनल एअर टॅटू म्हणतात त्याला, जुलैमध्ये फेअरफर्डच्या लष्करी विमानतळावर भरतो, मी राहते तिथून जवळच. शनिवारची रात्रपाळी वॉर्डातल्या एका मैत्रिणीनं घेतली म्हणून जमलं, नाहीतर याही वर्षी राहिलंच असतं. 2003 साली इथं 535 विमानं जमली होती, गिनीज बुकात नोंद आहे त्याची. धावपट्टी महायुद्धातली, 1944 ची, आणि 1969 ला इंग्लंडचं पहिलं कॉन्कॉर्ड, ते आवाजापेक्षा जोरात जाणारं प्रवासी विमान, पहिल्यांदा उडालं ते इथंच येऊन उतरलं. त्या धावपट्टीच्या कडंला मी घडीची खुर्ची टाकून दिवसभर बसले होते, लिहितानाबी अंगावर काटा येतोय.

सकाळी आभाळ पूर्ण भरलेलं. हजारो माणसं ढग हटावेत म्हणून वर बघत बसलेली आणि मला सारखी तुमची आठवण, कारण तिकडं तुम्ही ढग यावेत म्हणून वर बघत असाल. अण्णा फोनवर म्हणाले सोयाबीन उगवलंय पण दुपारी माना टाकतंय. मला वाटलं हे इथलं आभाळ उचलून देवणीवर नेऊन सोडता आलं तर किती बरं होईल. आता पडला का पाऊस? बंट्या, पहिलं ते कळव.

अकराच्या पुढं उघडलं. टायफून आलं, दोन इंजिनांचं लढाऊ जेट, आफ्टरबर्नर लावून, म्हणजे मागच्या झोतात जादा इंधन जाळून, सरळ वर गेलं तर आवाज कानाला नाही, बरगड्यांना लागतो, मांडीवरच्या डब्याचं झाकण थडथड वाजलं. डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती माय, तू शिकवल्यासारखेच केले होते, तीळ जास्त घालून. दमट हवेत टायफूननं जोरात वळण घेतलं की पंखांवर पांढरं धुकं धरतं आणि लगेच विरतं, फोटोत बरोबर आलंय. स्पिटफायरचे, म्हणजे महायुद्धातल्या पंख्याच्या विमानाचे, फोटो मात्र निम्मे वाया गेले. जेटला कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या एक हजारांशपेक्षा जलद ठेवावं लागतं, पंख्याच्या विमानाला ते खाली आणावं लागतं, नाहीतर फिरता पंखा थांबल्यासारखा दिसतो आणि विमान आभाळात टांगल्यागत, आणि मी घाईत ते विसरले.

पण मला तुम्हाला सांगायचंय ते रेड अॅरोजचं.

रेड अॅरोज म्हणजे इथल्या वायुदलाचं कसरतीचं पथक, नऊ लाल विमानं, इथल्या लेकरांना त्यांचं भारी वेड. स्पीकरवर त्यांचं नाव पुकारलं, सगळे उजवीकडं बघायला लागले, मी पण बघत होते, आणि विमानं दिसायच्या आधी आवाज आला. बारीक, शिट्टीसारखा, खाली एक घरघर असलेला. आबा, मी तो आवाज ओळखला! कॅमेरा खाली घेतला आणि डोळे मिटले, तर मी आपल्या माळवदावर उभी होते, सातवी-आठवीत असेन तवा, तुम्ही बाजेवरून ओरडायलात, "पोरी, कडंला जाऊ नको," आणि बिदरकडून विमान यायलंय.

कारण रेड अॅरोजचं विमान हॉकच आहे. बिदरच्या विमानतळावर 2008 पासून आपल्या वायुदलाची पोरं ज्याच्यावर शिकतात तेच हॉक, आणि आपलं कसरतीचं सूर्यकिरण पथक आता ज्याच्यावर उडतं तेच. सूर्यकिरण बी बिदरचंच, 1996 ला उभं राहिलं, आधी किरण विमानं होती, 2011 ला बंद पडलं, 2015 ला हॉक घेऊन परत सुरू झालं. हॉक मूळ इंग्लंडचं खरं, पण आपल्याकडची बरीचशी बेंगळुरूला एचएएल या सरकारी विमान कारखान्यात बनलेली आहेत. येळवसला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, शेतात कोपीपुढं आपण सगळे भज्जी-आंबिल घेऊन बसलो होतो आणि वरून एकामागं एक चार गेली होती, आठवतंय का? तुम्ही हातातलं ताट खाली ठेवून मोजली होती. तुम्ही म्हणायचे उदगीर-देवणी आधी बिदर जिल्ह्यातच होतं, 1956 ला इकडं आलो, म्हणून ती विमानं पण आपलीच. मी ते कधी विसरले नाही.

धुराचं पण सांगते, अण्णांना आवडेल. तो जो लाल, पांढरा, निळा धूर सोडतात ना, ते डिझेल असतं. साधं डिझेल, ट्रॅक्टरमध्ये घालतो तसलंच. विमानाच्या पोटाखाली एक लांबट टाकी असते, तिच्यातलं डिझेल मागच्या गरम झोतात सोडलं की त्याचा पांढरा धूर होतो, आणि लाल-निळ्यासाठी त्यात रंग मिसळलेला असतो. पांढरा पाच मिनिटं पुरतो, लाल आणि निळा एकेकच मिनिट, म्हणून पायलट मोजून बटन दाबतो. ढग वर असले तर गोल गिरक्या घेतात, मधे असले तर नुसत्या कुशी बदलतात, अगदी खाली आले तर सपाट उडतात, तिन्ही प्रकारची तयारी करूनच येतात. काल गिरक्या झाल्या. दोन विमानं समोरासमोर आली आणि एकमेकांच्या शेजारून गेली तवा माझ्या बाजूच्या बाईनं माझा हात धरला, ओळख ना पाळख.

माय, तू काळजी करशील म्हणून सांगते, आता नियम लई कडक आहेत. 1952 ला फार्नबरोच्या शोमध्ये विमान हवेत तुटलं, त्याचे तुकडे गर्दीत पडून 29 प्रेक्षक आणि विमानातले दोघं गेले. त्याच्यानंतर लोकांपासून किती लांब आणि किती उंच उडायचं ते ठरवून दिलं. लोकांच्या डोक्यावरून कसरत नाही, समोरून आडवंच जायचं.

आणि आबा, खास तुमच्यासाठी ठेवलेली गोष्ट ही. शेजारी एक म्हातारे बाबा होते, वहीत विमानांचे नंबर लिहीत बसलेले. धपाटा दिला तर आवडीनं खाल्ला. त्यांनी सांगितलं रेड अॅरोज 1965 ला सुरू झालं तवा हॉक नव्हतं, नॅट नावाचं छोटं जेट होतं, 1979 पर्यंत नॅटच. नॅट! तुमच्या रेडिओतलं नॅट! मी त्यांना म्हणलं आमच्या आबांनी 1971 ला रेडिओवर या नॅटच्या बातम्या ऐकल्यात, आमच्याकडं त्याला सेबर स्लेअर म्हणतात, म्हणजे पाकिस्तानच्या सेबर विमानांचा काळ, आणि श्रीनगरला निर्मलजीत सिंग सेखों नॅट घेऊन सहा सेबरशी एकटे लढले, आमच्या वायुदलातलं एकुलतं एक परमवीर चक्र त्यांचं. बाबांनी मला नाव परत म्हणायला लावलं आणि वहीत नंबरांच्या खाली लिहून घेतलं, सेखों, 14 डिसेंबर 1971. स्पेलिंग मी सांगितलं.

बंट्या, आता तुझं काम. पुढच्या वेळी बिदरकडून हॉक आलं की माळवदावर मोबाईल ठेवून आवाज रेकॉर्ड कर, वारा नसताना, आणि किती वाजता गेलं तेबी लिही. आपल्याकडच्या हॉकचं इंजिन त्याच घराण्यातलं पण पुढच्या मॉडेलचं आहे, मी इथला आवाज रेकॉर्ड केलाय, दोन्ही एकाला एक लावून ऐकायचेत. आबांना पण ऐकव, आणि त्यांना कोणता आपला वाटतो ते आधी न सांगता विचार.

तुमची,
सोनी