जेटीवरच्या माणसाला अभय द्या

प्रति,
मा. केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

मी उरणचा. न्हावा-शेवा बंदरात कस्टम्स एजंटकडे कारकुनी करतो. बंडखोरांना बाहेरून मिळणाऱ्या रसदीचा विषय निघाला की टीव्हीवर कुंपण, ड्रोन आणि जवान दिसतात. जेटी कुणी दाखवत नाही.

एप्रिल २००४ मध्ये बांगलादेशातल्या चितगावच्या एका खत कारखान्याच्या जेटीवर दहा ट्रक भरतील एवढी हत्यारं उतरत होती, आपल्या आसामातल्या उल्फा या बंडखोर संघटनेसाठी. ती अडवली दोन पोलीस सार्जंटांनी. बक्षीस काय मिळालं? पुढे त्या दोघांनाच अटक झाली, मारहाण झाली. आपल्याकडचं उदाहरण हवं तर रायगडच्या किनाऱ्यावरचं शेखाडी. १९९३ मध्ये तिथे आरडीएक्स उतरलं ते कस्टम्समधलेच काही लोक फितूर होते म्हणून. १२ मार्चला मुंबईच्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली.

शेजाऱ्याने थारा काढून घेतला की बंडखोरांचं कंबरडं मोडतं, हे खरंच. डिसेंबर २००३ मध्ये भूतानने उल्फासह तीन संघटनांचे ३० तळ उठवले. बांगलादेशातलं सरकार बदललं आणि २००९ मध्ये उल्फाचे अध्यक्ष आपल्या हाती आले. पण शेजारचं सरकार आज एक, उद्या दुसरं. आपलं गेट तरी आपलंच आहे ना?

काही वर्षांपूर्वी एका कंटेनरच्या सीलचा नंबर मी कागदाशी ताडून पाहिला. शेवटचे दोन आकडे जुळेनात. साहेबांना दाखवलं. "टायपिंग मिस्टेक असेल, चला पुढे." मी पुढे गेलो. घरी दोन लहान पोरं, नोकरी कंत्राटी. कंटेनर संध्याकाळी गेटबाहेर पडला. त्यात भंगार होतं की आणखी काही, देव जाणे.

भ्रष्टाचाराची खबर देणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला, तो अजून लागू नाही. ते खातं तुमचं नाही, ठाऊक आहे. पण मंत्रिमंडळात तुमच्या शब्दाला वजन आहे. तो लागू करून घ्या, आणि त्याचं संरक्षण माझ्यासारख्या खासगी, कंत्राटी माणसापर्यंतही पोचेल असं बघा. शिवाय बंदरात तुमच्या खात्याचा एक माणूस बसवा, ज्याच्याकडे आम्ही साहेबांना वगळून थेट जाऊ शकू. सील तर आम्ही रोजच बघतो.

आपला,
उरणचा एक कारकून
(नाव का लिहिलं नाही, ते वर आलंच आहे.)