कलम 63 चा अपवाद आणि तुझा प्रश्न

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस, ‘‘आई, नवऱ्यावरही बलात्काराचा गुन्हा दाखल होऊ लागला, तर संसार टिकतील कसे?’’ मी कोर्टात निघण्याच्या घाईत होते, म्हणून उत्तर राहून गेले. तीन महिन्यांवर तुझे लग्न आले आहे. तेव्हा ते लेखीच देते.

भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, परंतु तिच्या कलम 63 मध्ये जुन्या दंड संहितेतला अपवाद कायम राहिला : पत्नी 18 वर्षांखालील नसेल, तर पतीने तिच्याशी केलेला संभोग हा बलात्कार नव्हे. 1860 च्या संहितेत हे वय अवघे 10 होते. पुढे ते 15 झाले आणि 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने ते 18 वर नेले. वय वाढत गेले, पण प्रौढ पत्नीची संमती होती की नाही, हे विचारण्याची गरज या अपवादाला आजही वाटत नाही. न्यायमूर्ती वर्मा समितीने तो काढून टाकण्याची शिफारस 2013 मध्येच केली होती. मे 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात न्या. राजीव शकधर यांनी तो घटनाबाह्य ठरवला, तर न्या. सी. हरिशंकर यांनी वैध, आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला.

त्याच संहितेचे कलम 67 मात्र अवश्य वाच. पत्नी वेगळी राहत असेल आणि पतीने तिच्या संमतीविना संबंध ठेवला, तर तो गुन्हा आहे, शिक्षा 2 ते 7 वर्षे. म्हणजे नवरा तोच, बायको तीच, नकारही तोच. फक्त त्या नकाराची दखल घेतली जाण्यासाठी तिने आधी घराबाहेर पडलेले असावे लागते. मला हे कोणत्याही तर्काने पटलेले नाही.

वकिलीच्या इतक्या वर्षांत माझ्याकडे आलेल्या एका पक्षकार बाईंचे सांगते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करायचा होता. त्यासोबतच्या घटना अहवालाच्या छापील नमुन्यात मारहाणीच्या रकान्यांनंतर लैंगिक हिंसेचा रकाना येतो आणि त्यात ‘जबरदस्तीने संभोग’ असे स्पष्ट लिहिलेले असते. मारहाण, शिवीगाळ, दागिने काढून घेणे, सगळे त्यांनी न अडखळता सांगितले होते. त्या ओळीशी आल्यावर त्यांनी पदराचे टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली आणि बराच वेळ गेल्यावर विचारले, ‘‘हे पण लिहायचं असतं का, मॅडम?’’ अकरा वर्षांच्या संसारात त्याला तक्रार म्हणतात हेच त्यांना कोणी सांगितले नव्हते. मी ‘हो’ म्हटले, पण त्याखाली मिळतो तो संरक्षणाचा आदेश, राहत्या घराचा हक्क, भरपाई. बलात्काराचा गुन्हा नव्हे, हेही सांगावे लागले. ते सांगताना मला माझ्या काळ्या कोटाची लाज वाटली.

खोट्या तक्रारी होतील, ही तुझी भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण खोटी तक्रार कोणत्याही कलमाखाली होऊ शकते आणि पुरावा तपासण्यासाठीच न्यायालय असते. चोरीची खोटी फिर्याद होते, म्हणून चोरी हा गुन्हा नाही असे आपण म्हणत नाही.

आणि संसाराचे म्हणशील, तर रखमाबाईंचा खटला आठव. 11 व्या वर्षी लग्न झालेल्या या मुंबईच्या मुलीने मोठेपणी पतीकडे नांदायला जाण्यास नकार दिला. दादाजी भिकाजींनी दावा लावला आणि 1887 मध्ये न्यायालयाने सांगितले, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करीन, असे त्यांनी कळवले. पुढच्या वर्षी 2000 रुपयांवर तडजोड झाली आणि त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. तेव्हाही संसार बुडतील अशीच ओरड झाली होती. नांदण्याचा दावा आजही हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 खाली लावता येतो, आणि तो दावा जिंकूनही सुखाने नांदलेले जोडपे माझ्या पाहण्यात नाही.

कलम 63 आणि 67 च्या प्रती सोबत पाठवत आहे. तू एकट्याने वाचू नकोस. रविवारी ती येईल तेव्हा दोघांनी वाचा, आणि तिला काय वाटते ते तिला आधी बोलू दे.

तुझी,
आई